लोकमान्य टिळक आणि रणभूमीवरचा शिपाई

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे नाव घेतले की स्वराज्याची मागणी, सार्वजनिक गणेशोत्सव, मंडालेचा तुरुंग आणि 'गीतारहस्य' या चार गोष्टी सर्वप्रथम आठवतात. १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धाच्या काळातील टिळक मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिले. ज्या सरकारने त्यांना दोनदा राजद्रोही ठरवून तुरुंगात धाडले, त्याच सरकारच्या सैन्यात हिंदी तरुणांनी जावे असे सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली. आणि तसे सांगताना त्यांनी सरकारपुढे ज्या अटी ठेवल्या, त्यामुळे युद्धाच्या अखेरच्या वर्षी पुन्हा त्यांचे तोंड बंद करण्यात आले. युद्ध सुरू असताना वृत्तपत्राने काय करावे, शिपायाच्या पाठीशी उभे राहणे आणि सरकारच्या पाठीशी उभे राहणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न आजही प्रत्येक युद्धाच्या वेळी नव्याने उभा राहतो. मराठी पत्रकारितेत या प्रश्नाला सर्वांत मोठ्या प्रमाणावर सामोरे गेलेले संपादक म्हणजे टिळक.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात होते आणि संस्कृत व गणित या विषयांची गोडी मुलाला घरातूनच लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर टिळकांनी कायद्याचा अभ्यास पुरा केला. पण सरकारी नोकरी किंवा वकिली यांच्या वाटेला ते गेले नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासह त्यांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी' ही दोन साप्ताहिके निघाली. प्रारंभी 'केसरी'ची जबाबदारी आगरकरांकडे आणि 'मराठा'ची टिळकांकडे होती. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर दोघांचे मार्ग वेगळे झाले आणि १८८७ पासून 'केसरी' टिळकांच्या हाती आला.

छापलेल्या शब्दाची किंमत काय असते, याचा अनुभव त्यांना लवकर आला. कोल्हापूर संस्थानातील कारभारावरील लेखनाबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे पुण्यात रँडचा वध झाला, त्यानंतर 'केसरी'तील मजकुरावर राजद्रोहाचा खटला होऊन टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. म्हणजे महायुद्ध सुरू होण्याच्या कितीतरी आधीच, सरकारला अप्रिय असलेला मजकूर छापण्याचे परिणाम या संपादकाला ठाऊक होते.

दूरच्या लढाया, जवळचे वाचक

परदेशातील युद्धांकडे मराठी वाचकाचे लक्ष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेधले गेले होते. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. मूठभर शेतकरी बलाढ्य साम्राज्याला झुंजवतात, ही बातमी येथील वाचकाला निव्वळ परदेशी वृत्त वाटत नव्हती. शिवराम महादेव परांजपे यांच्या 'काळ' पत्रातून आणि 'केसरी'तून तिच्यावर चर्चा होत राहिली. पुढे १९०४-०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हा एका आशियाई राष्ट्राने युरोपीय सत्तेला नमवल्याचा आनंद देशभर व्यक्त झाला. युद्धाची बातमी ही लोकशिक्षणाचे साधन होऊ शकते, हे टिळकांच्या पिढीतील संपादकांनी या काळात ओळखले.

त्यामागे एक जुनी सल होती. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे अशक्य केले होते. सैन्यात हिंदी शिपाई लाखांनी होते, तरी बादशाही सनद मिळवून बरोबरीचा अधिकारी होण्याची वाट त्याला बंद होती. सुभेदार कितीही वर्षे नोकरी केलेला असो, कालपरवा विलायतेहून आलेला गोरा लेफ्टनंट त्याच्या वरचाच. शस्त्रकायदा सौम्य करावा, हिंदी लोकांना वरच्या लष्करी जागा मिळाव्यात आणि त्यासाठी देशात लष्करी शिक्षणाची सोय व्हावी, अशा मागण्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेसच्या ठरावांत दिसतात. महायुद्धाच्या काळातील टिळकांची भूमिका या मागण्यांशिवाय समजत नाही.

१९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. मुंबईतील गिरणी कामगारांनी त्याच्या निषेधार्थ सहा दिवस काम बंद ठेवले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या सुटकेच्या खटपटीसाठी विलायतेला गेले. पण यश आले नाही. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले. तेथेच १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची बातमी त्यांना कळली. दरम्यान इकडे १९१० चा छापखाना कायदा आला. जामीनकी मागण्याचा आणि ती जप्त करण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि वृत्तपत्र चालवणे ही रोजची टांगती तलवार झाली.

सुटका आणि युद्धाचा वणवा

जून १९१४ च्या मध्यास एका मध्यरात्री टिळकांना पुण्यात त्यांच्या घरी आणून सोडण्यात आले. वय ५८ च्या घरात, मधुमेहाने पोखरलेले शरीर आणि दारावर पोलिसांची पाळत. पंधरवडाही उलटला नव्हता तोच साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि ४ ऑगस्ट रोजी ब्रिटन युद्धात उतरले. ब्रिटन उतरले म्हणजे हिंदुस्थानही उतरला. त्यासाठी येथील कोणालाही विचारण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटली नाही.

सहा वर्षे भोगून आलेला हा कैदी आता काय बोलतो, याकडे सरकारचे आणि जनतेचे सारखेच लक्ष होते. ऑगस्टच्या अखेरीस टिळकांनी 'मराठा' पत्रात एक निवेदन प्रसिद्ध केले. या संकटात प्रत्येक हिंदी माणसाने आपापल्या शक्तीनुसार सरकारला साहाय्य करावे, असे त्यांनी सांगितले. राज्य उलथून टाकण्याचा आपला हेतू असल्याच्या आरोपाचा इन्कार केला आणि हिंसेच्या कृत्यांचा निषेधही नोंदवला. त्याच वेळी, राज्यकारभारात सुधारणा मागण्याचा आपला हक्क त्यांनी सोडला नाही. आयर्लंडच्या स्वराज्यवाद्यांप्रमाणे आपल्यालाही कारभाराची पद्धत बदलायची आहे, हे त्यांनी उघडपणे मांडले.

या भूमिकेने अनेक जण चकित झाले. काहींना ती माघार वाटली, काहींना निव्वळ डावपेच. शत्रूची अडचण ती आपली संधी असे मानणारा एक प्रवाह देशात होताच. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हा तरुण अमेरिकेतून गदर पक्षाचा निरोप घेऊन परतला, हिंदी पलटणींत उठाव घडवून आणण्याच्या प्रयत्नात मेरठ येथे पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. एकाच युद्धात एकाच जिल्ह्यातून दोन वाटा फुटल्या होत्या. एक वाट शिपायाला बंडाकडे नेऊ पाहत होती, तर दुसरी त्याच शिपायाच्या रक्ताची राजकीय किंमत सरकारकडून वसूल करू पाहत होती. टिळकांनी दुसरी निवडली. तिच्यातही धोका कमी नव्हता, हे पुढे दिसून आले.

बातमी गावापर्यंत कशी येई

युद्धाच्या बातम्यांचा ओघ तेव्हा प्रामुख्याने रॉयटरच्या तारांतून येई. ती तार लंडनमध्ये आणि पुन्हा हिंदुस्थानात लष्करी तपासनिसाच्या हातून जाई. मार्च १९१५ मध्ये हिंदुस्थान संरक्षण कायदा झाला आणि सरकारचे अधिकार आणखी विस्तारले. आघाडीवरून शिपायांनी घरी लिहिलेली पत्रेही उघडून वाचली जात. त्यामुळे संपादकापुढे जे येई ते आधीच गाळून आलेले असे. विजयाची तार लगेच यायची, पराभवाची उशिरा आणि सौम्य शब्दांत. देशी पत्रांचे स्वतःचे बातमीदार रणभूमीवर असण्याचा प्रश्नच नव्हता.

अशा स्थितीत मराठी साप्ताहिकाचे काम वेगळे होते. तारेतली तुटक वाक्ये जोडणे, कोणते गाव कोठे आहे आणि तेथील हालचालीचा अर्थ काय हे समजावणे, आणि कायद्याच्या चौकटीत राहून न सांगितलेले वाचकाच्या लक्षात आणून देणे. 'केसरी' मंगळवारी निघे. १९०८ च्या सुमारास त्याचा खप वीस हजारांच्या घरात होता; पण खपाच्या आकड्यावरून वाचकांची, त्याहूनही श्रोत्यांची, संख्या कळत नाही. एक अंक गावात आला की कोणीतरी साक्षर माणूस तो मोठ्याने वाची आणि भोवती मंडळी बसत.

वऱ्हाडात हा पत्रव्यवहार रेल्वेच्या आधाराने चाले. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला ही स्थानके म्हणजे कापसाच्या गाठींप्रमाणेच टपालाच्या थैल्यांचीही ठाणी होती. आजच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारखी बुलढाणा जिल्ह्यातील गावे या लोहमार्गापासून आत, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या बाजूला. अशा गावांतल्या शेतकऱ्याला फ्रान्स किंवा बसरा ही नावे नवी होती. पण महायुद्धामुळे कापसाचा भाव, रॉकेल, कापड आणि मीठ यांच्या किमती हलल्या, तेव्हा दूरची लढाई त्याच्या अंगणात आली होती. वऱ्हाडशी टिळकांचा संबंधही जुना होता. मंडालेला जाण्यापूर्वी अकोल्याच्या शिवजयंती उत्सवात शेगावचे गजानन महाराज टिळकांच्या सभेस उपस्थित राहिल्याची कथा 'गजानन विजय' या ग्रंथामुळे या भागातील घराघरांत माहीत आहे. खापर्डे यांच्यासारखा निष्ठावंत सहकारी तर याच प्रांताने त्यांना दिला.

कूतचा वेढा आणि बेळगावची सभा

महाराष्ट्राच्या दृष्टीने या युद्धातील सर्वांत जिव्हारी लागणारी आघाडी मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये तेथे उतरलेल्या फौजेचे नावच सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतील कुणब्या-मराठ्यांची मुले तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली होती. बसरा हाती आले, फौज पुढे सरकत गेली. रसद, नौका आणि औषधोपचाराची सोय मात्र मागे पडली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे तुर्कांनी तिला रोखले. जनरल टाउनशेंड कूत-अल-अमारा या गावी मागे हटले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वेढ्यात अडकले.

१४७ दिवस हा वेढा चालला. अन्न संपत आले, घोडी मारून खाण्याची पाळी आली. अनेक हिंदी शिपायांनी धर्माच्या भीतीने घोड्याचे मांस नाकारले आणि उपासमारीने ते खंगत गेले. सोडवणुकीसाठी पाठवलेल्या फौजांनी वेढ्यातील संख्येहूनही अधिक माणसे गमावली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. पुढे वाळवंटातून चालवत नेलेल्या कैद्यांपैकी हजारो परत आलेच नाहीत.

याच्या आदल्याच दिवशी, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगाव येथे टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली होती. जोसेफ बाप्टिस्टा तिचे अध्यक्ष आणि नरसिंह चिंतामण केळकर चिटणीस झाले. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे तिचे क्षेत्र ठरले. दोन्ही घटनांच्या तारखा जुळल्या हा योगायोग. पण त्यांच्यातील नाते योगायोगाचे नव्हते. ज्या प्रदेशातील मुले वेढ्यात उपाशी होती, त्याच प्रदेशातील लोकांना आपल्या राज्याच्या कारभारात कोणताही अधिकार नव्हता. साम्राज्यासाठी प्राण देणारा माणूस घरच्या कारभाराला नालायक कसा ठरतो, हा प्रश्न टिळकांनी त्या वर्षी सभांमधून सोप्या मराठीत मांडला.

सरकारने याचे उत्तर खटल्याने दिले. बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणांबद्दल टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, अशी नोटीस निघाली. ती त्यांच्या हाती पडली २३ जुलै १९१६ रोजी, म्हणजे साठाव्या वाढदिवशी. त्याच दिवशी पुण्यात चाहत्यांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. ती रक्कम त्यांनी सार्वजनिक कार्यालाच देऊन टाकली. कनिष्ठ न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला. मुंबई उच्च न्यायालयात मात्र महंमद अली जीना यांनी त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये हुकूम रद्द झाला. युद्ध चालू असतानाही स्वराज्याची मागणी करणे हा राजद्रोह नाही, असा अर्थ लोकांनी त्या निकालातून घेतला. होमरूलच्या सभासदांची संख्या त्यानंतर झपाट्याने वाढत गेली.

मेसोपोटेमियातील ढिसाळ कारभाराची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १९१७ च्या मध्यास बाहेर आला आणि लंडनमध्ये खळबळ उडाली. जखमी शिपायांच्या हालअपेष्टांचे वर्णन वाचून ब्रिटिश जनताही हादरली. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी एडविन मॉन्टेग्यू आले. २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी हिंदुस्थानात क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती आणण्याचे धोरण जाहीर केले. तपासनिसांनी दोन वर्षे झाकून ठेवलेले सत्य बाहेर पडताच सरकारला पावले उचलावी लागली होती.

भरती हवी, पण बरोबरीने

१९१७ च्या आरंभी सरकारने हिंदुस्थान संरक्षण दल उभारण्याचा कायदा केला. त्यात हिंदी तरुणांना स्वेच्छेने दाखल होता येणार होते. टिळकांनी सुशिक्षित तरुणांना त्यात जाण्याचे आवाहन केले. शस्त्रकायद्याने निःशस्त्र झालेल्या समाजाला शस्त्र हाती धरण्याची ही संधी आहे, असा त्यांचा विचार होता. पण दलातील हिंदी आणि युरोपीय लोकांना मिळणारी वागणूक सारखी नव्हती. भरती अपेक्षेप्रमाणे झाली नाही, तेव्हा दोष लोकांच्या निष्ठेचा नसून सरकारच्या अविश्वासाचा आहे, असे टिळकांचे म्हणणे होते. त्याच फेब्रुवारीत पंजाब सरकारने त्यांना आपल्या प्रांतात पाऊल ठेवण्यास मनाई केली. ज्या पंजाबातून सर्वाधिक शिपाई जात होते, तेथेच भरतीचा पुरस्कर्ता अस्पृश्य ठरला.

अस्पृश्य हा शब्द येथे वापरला की आणखी एक वास्तव नजरेआड करता येत नाही. बरोबरीची मागणी केवळ गोऱ्या-काळ्यांपुरती नव्हती. एकेकाळी मुंबई फौजेत मोठ्या संख्येने असलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकाच्या आरंभी बंद करण्यात आली होती. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. त्यांना दाद मिळाली नाही. युद्धात माणसांची चणचण भासू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. गरज असेपर्यंत शिपाई आणि गरज सरताच परका, हा न्याय सरकारने साऱ्या हिंदुस्थानला लावल्याची तक्रार पुण्याची पत्रे करीत होती. महार शिपायाच्या वाट्याला तो दुहेरी आला आणि त्याच्या तक्रारीला त्या काळच्या प्रमुख मराठी पत्रांत त्या मानाने जागा मिळाली नाही. टिळकयुगाच्या पत्रकारितेची ही मर्यादा नोंदवल्याशिवाय तिचे मोठेपण सांगणे अपुरे ठरेल.

१९१८ च्या आरंभी टिळकांनी वऱ्हाड आणि मध्यप्रांताचा दौरा केला. होमरूलसाठी निधी जमवणे आणि विलायतेला जाणाऱ्या शिष्टमंडळाची पार्श्वभूमी तयार करणे हा त्याचा उद्देश होता. मार्चअखेरीस टिळक, खापर्डे, केळकर, बिपिनचंद्र पाल आदी मंडळी निघाली. पण कोलंबोला पोहोचताच त्यांचे परवाने रद्द झाल्याचे कळले आणि सर्वांना परतावे लागले.

टाउन हॉलमधील दहा जून

त्याच मार्चमध्ये जर्मनीने पश्चिम आघाडीवर प्रचंड चढाई केली. ब्रिटनला तातडीने माणसे हवी होती. व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी एप्रिलच्या अखेरीस दिल्लीत युद्धपरिषद भरवली. तिला गांधीजींना बोलावणे होते. टिळक आणि ॲनी बेझंट यांना नव्हते. गांधीजींनी याबद्दल नाराजी कळवली, तरी परिषदेत भरतीच्या ठरावाला पाठिंबा दिला.

मुंबई प्रांताची परिषद १० जून १९१८ रोजी टाउन हॉलमध्ये भरली. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन अध्यक्षस्थानी होते. या वेळी टिळकांना निमंत्रण होते. प्रारंभीच्या भाषणात गव्हर्नरांनी होमरूलवाल्यांच्या सहकार्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतली. निष्ठेच्या ठरावावर बोलण्यास टिळक उठले. निष्ठा व्यक्त करून, देशाचे संरक्षण आणि स्वराज्य यांची सांगड घातल्याशिवाय लोक मनापासून लढणार नाहीत, हा मुद्दा त्यांनी मांडण्यास सुरुवात करताच अध्यक्षांनी त्यांना थांबवले. राजकीय चर्चेला येथे जागा नाही, असे सांगण्यात आले. टिळकांनी बोलणे थांबवले आणि ते सभागृहाबाहेर पडले; केळकर आणि आणखी काही सहकारीही उठले. थोड्याच दिवसांत मुंबईत निषेधाची मोठी सभा झाली आणि तिचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषवले.

यानंतर त्या दोघांमध्ये जो व्यवहार झाला तो टिळकांच्या साऱ्या भूमिकेचा सारांश म्हणता येईल. गांधीजी खेडा जिल्ह्यात बिनशर्त भरतीसाठी पायी हिंडत होते. ज्या शेतकऱ्यांनी काही महिन्यांपूर्वी सत्याग्रहात त्यांना साथ दिली, तेच आता पाठ फिरवत होते. टिळकांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला. हिंदी लोकांना सैन्यात बरोबरीच्या अधिकाराच्या जागा देण्याचे वचन गांधीजींनी सरकारकडून मिळवावे, आपण महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ आणि तसे न झाल्यास ही रक्कम दंड म्हणून जप्त समजावी, असा तो प्रस्ताव होता. गांधीजींना साहाय्याच्या बदल्यात सौदा मान्य नव्हता; त्यांनी धनादेश परत केला. एकाची श्रद्धा निरपेक्ष सेवेने राज्यकर्त्याचे मन वळेल यावर, तर दुसऱ्याचा विश्वास लेखी वचनावर. दोघेही शिपायाच्या हिताचीच चिंता वाहत होते.

सरकारला मात्र हा प्रस्तावही नको होता. ऑगस्ट १९१८ मध्ये टिळकांवर परवानगीशिवाय जाहीर भाषण करण्यास बंदी घालण्यात आली. युद्धासाठी माणसे मागणाऱ्या सरकारने, माणसे देऊ पाहणाऱ्या नेत्याचेच तोंड बंद केले.

युद्ध संपले, वचने उरली

सप्टेंबर १९१८ मध्ये टिळक विलायतेला निघाले. 'टाइम्स'चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या ग्रंथात त्यांना हिंदी असंतोषाचा जनक ठरवून केलेल्या आरोपांविरुद्ध त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. ११ नोव्हेंबर रोजी युद्धविराम झाला तेव्हा टिळक लंडनमध्ये होते. फेब्रुवारी १९१९ मध्ये दाव्याचा निकाल विरुद्ध गेला आणि खर्चाचा प्रचंड बोजा अंगावर पडला. तरीही त्यांनी तेथे मजूर पक्षाशी संधान बांधले आणि पॅरिसच्या शांतता परिषदेकडे हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी पाठवली.

इकडे युद्धकाळातील निर्बंध संपण्याऐवजी रौलेट कायद्याच्या रूपाने कायम होत होते. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. युद्धाला सर्वाधिक शिपाई देणाऱ्या प्रांताला हे बक्षीस मिळाले. पंजाबातील बातम्यांना धैर्याने वाचा फोडणाऱ्या 'बाँबे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना त्याच महिन्यात हद्दपार करण्यात आले. टिळक नोव्हेंबर १९१९ मध्ये परतले, अमृतसर काँग्रेसला गेले आणि नव्या सुधारणा कशा स्वीकाराव्यात याच्या चर्चेत गुंतले. प्रकृती साथ देत नव्हती. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांचे निधन झाले. गिरगाव चौपाटीवर भर पावसात लाखोंच्या जनसमुदायाने त्यांना निरोप दिला.

पाच हजार माणसांच्या बदल्यात त्यांनी जे मागितले होते, ते हळूहळू आणि थेंबाथेंबाने मिळाले. ऑगस्ट १९१७ मध्ये नऊ हिंदी अधिकाऱ्यांना बादशाही सनद देण्यात आली. त्यानंतर सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी दरवर्षी दहा जागा ठेवल्या गेल्या आणि १९३२ मध्ये डेहराडूनला देशातील लष्करी अकादमी सुरू झाली. स्वतंत्र भारताच्या सेनेचे नेतृत्व ज्यांनी केले, त्यांच्यातील ज्येष्ठ पिढी याच वाटेने आली.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे परदेशी आघाड्यांवर गेली आणि सत्तर हजारांहून अधिक परतली नाहीत. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात काही गावांच्या भिंतींवर आजही संगमरवरी पाट्या आढळतात. गावातून इतके गेले आणि इतके कामी आले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. बहुतेक ठिकाणी नावेही नाहीत. सरकारने या शिपायाची मोजदाद केली. टिळकांनी मात्र त्याला मोजण्याच्या आकड्यापलीकडे नेऊन हक्कदार नागरिक मानले आणि ते सरकारला छापून सांगितले. युद्धाच्या काळात लोकांचा पाठिंबा मागताना त्या पाठिंब्याचा हिशेब द्यावा लागतो, हे मराठी वाचकाला त्यांनी शिकवले. वृत्तपत्राचे काम त्यांच्या लेखी नेमके तेथे सुरू होत होते.